शिकंज्यातलं पिस्तूल

नवं पिस्तूल घरी येऊन पंधरा दिवस झाले आणि मी देवापुढं हात जोडून म्हणालो, हे खराब निघू दे. नवी वस्तू घेतली की लोक तिला हळदीकुंकू वाहतात, पेढा ठेवतात. बायकोनं ते सगळं केलं होतं. पिस्तुलाच्या काळ्या पेटीवर कुंकवाचं बोट अजून दिसत होतं आणि मी त्याच पेटीसमोर उभा राहून आतला माल बिघडलेला असावा म्हणून साकडं घालत होतो.

पिस्तूल म्हटल्यावर कुणी दचकू नये. हे हवेवर चालणारं, दहा मीटरवरच्या पुठ्ठ्याला शिशाचे छर्रे मारायचं खेळाचं पिस्तूल. मी नांदेडला एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. खो-खो, कबड्डी आणि प्रार्थनेच्या रांगा पोटासाठी, नेमबाजी जिवासाठी, असं माझं पंचवीस वर्षं चाललं आहे. मोठं नाव वगैरे काही झालं नाही. जिल्ह्यात आणि विभागात चार-दोन पदकं, आणि राज्याच्या स्पर्धेत वयस्कर गटात शेवटून मोजलेला बरा असा नंबर. पण उजवा हात लांब करून, डावा खिशात घालून, श्वास अर्ध्यावर थांबवून उभं राहिलं की आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायचं. दुसऱ्या कशातच तसं वाटलं नाही, अगदी लग्नात घोड्यावर बसवलं तेव्हाही नाही.

गेल्या वर्षापासून माझे छर्रे पसरायला लागले. नवाच्या-दहाच्या गोलात बसणारे सातात, सहात जायला लागले. मी सगळा ठपका जुन्या पिस्तुलावर ठेवला. नळी झिजली, घोडा अडकतो, मूठ हातात बसत नाही. शाळेतली मुलं "हो सर" म्हणाली. बायको म्हणाली, "मग घ्या की एकदाचं नवं." साधा कुकर बदलायचा तर ती महिनाभर विचार करते. इतक्या लगेच कशी कबूल झाली, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

नवं आलं. पहिले पाच छर्रे मारून पुठ्ठ्यापाशी गेलो, तर पाचांनी पाच वाटा धरलेल्या. पंधरा दिवस रोज मारले आणि रोज तेच. मग मी जाहीर केलं की नवंही खराब आहे. पिस्तूल खराब असेल तर माझा हात चांगला आहे, इतकी सरळ गोष्ट होती. पिस्तूल चांगलं निघालं तर काय, हे मी मनातसुद्धा बोलत नव्हतो. माझ्या बाबांना कंपवात होता.

आमच्या घरात ओसरीपासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत दहा मीटर आणि वर वीतभर अंतर भरतं. विष्णुपुरीच्या रस्त्याचं हे घर यांनी त्या वीतभर जागेसाठी घेतलं, असं बायको पाहुण्यांना सांगते आणि ते खरं आहे. नेमाची रेघ स्वयंपाकघराच्या दारावरून जाते. म्हणून या घरात आलो त्याच आठवड्यात आमचा करार झाला. तिला बाहेर यायचं असलं की ती आतून ताट वाजवणार, मी पिस्तूल खाली ठेवून "ये" म्हणणार, मगच ती उंबरा ओलांडणार. पुष्कळ वर्षं शेजाऱ्यांना वाटायचं की आमच्याकडं रोज आरती असते.

अलीकडं ते ताट वाजेनासं झालं. मी सरावाला उभा राहिलो की ती आत जायची आणि दाराला आतून कडी घालायची. विचारलं तर म्हणाली, "मांजर येतंय." आमच्या गल्लीत मांजर मी तरी पाहिलं नव्हतं. त्याच सुमारास चहाही अर्धा कप यायला लागला. मी दोन दिवस गप्प बसलो आणि तिसऱ्या दिवशी टोचून बोललो, "दूध लई महागलं वाटतं." ती म्हणाली, "लागला तर अजून देते की." दिला, तोही अर्धाच. वय झालं की माणसं चिकट होतात, अशी मी माझी समजूत घातली आणि गिळला तो चहा.

लातूरला माझे एक जुने स्नेही आहेत. लेथवाले. त्यांच्या आजोबांपासून घरात लोखंडाचंच काम. गावातले सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. मोटारीचा शाफ्ट असो की उसाच्या चरकाचा रूळ, सुतभराचा फरक हा माणूस नुसतं बोट फिरवून सांगतो. वर्कशॉपच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हौसेनं चारजण उभे राहतील एवढी रेंज केली आहे आणि तिथं एक शिकंजा आहे. जाड लोखंडी टेबलाला बोल्टांनी आवळलेला, जबड्यांना आतून सायकलची ट्यूब चिकटवलेला. त्यात पिस्तूल पक्कं आवळायचं आणि माणसानं फक्त घोडा दाबायचा. माणूस हलला तरी पिस्तूल हलत नाही. छर्रे एकाच भोकातून गेले तर पिस्तूल चांगलं, पसरले तर खराब. वाद घालायला जागाच राहत नाही.

उस्तादांचा एक नियमही आहे. चाचणीच्या पुठ्ठ्यावर आधी कोपऱ्यात तारीख आणि सही, मग पहिला छर्रा. हा पुठ्ठा माझा नव्हे असं नंतर कुणी म्हणायला नको. ते पुठ्ठे उस्ताद टाकून देत नाहीत.

मी त्यांना फोन केला. "नवंबी खराब हाय म्हणता, सर?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

काय बिघडलंय ते उस्तादांनी विचारलंच नाही. म्हणाले, "या की मग. बघू."

रविवारी सकाळी लातूरची बस धरली. पेटी मांडीवर घेतली, कारण वरच्या फळीवर ठेवली तर ती कुणाच्या तरी डोक्यात पडते आणि मग आत काय आहे ते साऱ्या बसला समजावत बसावं लागतं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याचं काम जागोजागी चालू होतं, बस खिळखिळी होती, माणसं, पिशव्या, खिडकीच्या काचा सगळंच थरथरत होतं. पेटीवर ठेवलेला माझा उजवा हातही. मी त्याचं पाप बिनघोर एसटीवर घालत होतो.

चाकूरच्या स्टँडवर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो चहाला उतरला. काचा शांत झाल्या. हात शांत झाला नाही. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, विडी वळावी तसं. शेजारी बसलेल्या बाईनं एकदा माझ्या हाताकडं पाहिलं, एकदा तोंडाकडं, आणि मग ती खिडकीबाहेर बघत बसली. मी डावा हात उजव्यावर ठेवला आणि दाबून धरला. बोटांची ही चाल मी लहानपणापासून ओळखत होतो.

बाबा मुखेडला एका कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना गाठून अर्ज लिहून घ्यायचे. मी शिकायला नांदेडला आलो तेव्हा ते दर आठवड्याला पत्र लिहायचे. दोनेक वर्षांत त्या पत्रांतलं अक्षर बारीक व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची तेव्हा वाचता यायचं, संपेपर्यंत मुंग्या लागल्यासारखं दिसायचं. मी उलट टपाली लिहिलं होतं, "बाबा, कागद वाचवून राहिले काय?" त्यानंतर त्यांनी पत्रं कमी केली.

मग माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली. एका घरी बैठकीत सगळे बसले होते. चहा आला. बाबांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. आधी बारीक, मग सगळ्या बैठकीला ऐकू येईल इतकी. चहा त्यांच्या धोतरावर सांडला, खालच्या सतरंजीवर सांडला. आणि मी, नेमबाज, ज्याला आपल्या स्थिर हाताचा तेव्हा कोण अभिमान, सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, नीट धरा की!" नुसतं म्हणालो नाही, खेकसलो. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि ओशाळं हसले. "हाव, चुकलं," म्हणाले. जिला बघायला गेलो होतो ती मुलगी पुढं झाली आणि त्यांच्या हातातला कप घेऊन आत गेली. पुढं तिच्याशीच माझं लग्न झालं. बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या दिवशीच्या माझ्या आवाजाची लाज काही गेली नाही.

लातूरला उतरलो तेव्हा मी एकच धरून बसलो होतो, शिकंजा काय ते सांगेल. हाताचं काय, प्रवासात कुणाचाही हलतो.

उस्ताद वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून बसले होते. रविवार असल्यामुळं लेथ बंद. "आलाव का? वहिनी बऱ्या हायत ना?" असं विचारत त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली. त्यांच्याकडं आलेला माणूस आपली वस्तू आपणच उघडतो, ही तिथली रीत. त्या दिवशी त्यांनीच उघडली. पिस्तूल शिकंज्यात त्यांनीच बसवलं, बोल्ट त्यांनीच आवळले, तेही माझ्याकडं पाठ करून. एरवी ते मला बोलावून "बघा हलवून" म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "सही करा अन् सुरू करा."

सही केली. पुठ्ठा लागला. हवा भरली, छर्रा भरला, घोडा दाबला. पाच वेळा. पुठ्ठा आणायला उस्तादच गेले आणि तो लांबूनच मला दाखवत आले. पाच भोकं होती, वेगवेगळी, चांगली दोन बोटं अंतरात पसरलेली.

"हाव सर," ते म्हणाले. "मालच खराब हाय. परत पाठवून द्या."

मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत कुठल्या पदकाला झाला नव्हता. मी उस्तादांचा खांदा धरून हलवला, "बघा, मी म्हणत नव्हतो?" म्हणालो, कंपनीला शिवी दिली आणि पुठ्ठा हातात घेऊन नीट पाहिला. तिथंच चुकलं. नीट पाहायला नको होतं.

भोकं एकावर एक चढत गेली होती, सरळ वर, शिडीच्या पायऱ्यांसारखी. पिस्तूल खराब असलं की छर्रे चहूकडं पसरतात. असे एका रेषेत वर वर चढत जातात तेव्हा शिकंजा ढिला असतो, दर छऱ्याला नळी थोडी वर सरकते. हे मी कितीतरी मुलांना शिकवलेलं. आणि मला ते शिकवलं होतं उस्तादांनी.

तो पुठ्ठा तसाच पिशवीत घालून परत जाता आलं असतं. कंपनीला पत्रं लिहिण्यात, भांडण्यात चार-सहा महिने सहज गेले असते आणि तेवढे दिवस माझा हात चांगला राहिला असता. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. पण माझा स्वभाव वाईट आहे. चूक दिसली की बोट ठेवल्याशिवाय राहवत नाही. मी शिकंज्यापाशी गेलो आणि पिस्तुलाच्या नळीला एका बोटानं ढकललं. नळी हलली. मागचा बोल्ट दोन आटे ढिला होता.

"उस्ताद, बोल्ट ढिला आहे."

"न्हाई हो. पक्का हाय."

"पाना द्या."

"सर, ऱ्हाऊ द्या ना. चहा सांगितलाय, येईल इतक्यात. लांबून आलाव, बसा."

"पाना द्या म्हणतो ना!" मी ओरडलो. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज जरा जास्तच घुमला. साठी ओलांडलेला माणूस, माझ्यापेक्षा मोठा, आणि मी त्याच्यावर त्याच्याच जागेत ओरडत होतो.

त्यांनी पाना दिला. मी तो बोल्टाच्या डोक्यावर बसवायला गेलो. तो बसेना. लोखंडावर लोखंड टकटक टकटक वाजत राहिलं. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी वाजत राहिलं. शेवटी उस्ताद जवळ आले. त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, पाना बसवला आणि आम्ही दोघांनी मिळून तो बोल्ट आवळला.

नव्या पुठ्ठ्यावर मी पुन्हा सही केली. पाच छर्रे मारले. या वेळी पुठ्ठा मीच आणला. त्यावर एकच भोक होतं, हरभऱ्याएवढं. पाची छर्रे त्यातूनच गेले होते. इतकं सुरेख पिस्तूल माझ्या हातात आजवर आलं नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

उस्तादांनी कपाटातून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला. माझे पुठ्ठे, पंधरा-वीस वर्षांचे. त्यांनी त्यातले काही टेबलावर एका ओळीत मांडले आणि शेवटी आजचा ठेवला. "छऱ्यावरून न्हाई कळलं सर," ते म्हणाले. "छर्रे तर माझेबी पसरतात. सहीवरून कळलं."

सुरुवातीच्या पुठ्ठ्यांवर माझी सही अर्धा कोपरा अडवून बसलेली, खाली ऐटीत ओढलेली रेघ. मग ती आखडत आलेली. गेल्या वर्षीच्या पुठ्ठ्यावर मुगाच्या दाण्यांएवढी अक्षरं. आजची सही वाचायला मला चष्मा पुसावा लागला. बाबांच्या पत्रातली शेवटची ओळ होती ती, हुबेहूब.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू, सर?" त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. "मला वाटलं, पिस्तुलावर ढकलू. पाच-सहा महिने निघतील. तवर तुमी खुश ऱ्हाल."

"आणि मग?"

"मग बघितलं असतं." चष्मा परत डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "हितं आता तुमच्याशिवाय येतंय तरी कोण."

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. यातलं काहीच केलं नाही. चहा आला, तो मी टेबलावरच ठेवला आणि निवल्यावर वाकून प्यायलो. निघताना पिस्तूल पेटीत घालायला लागलो तर उस्ताद म्हणाले, "ठिवून जा वाटलं तर. मी तेल देत जाईन." मी ठेवून आलो. रिकामी पेटी तेवढी घेतली, का ते मलाही सांगता येत नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो. बायको ओसरीतच होती. तिनं आधी माझं तोंड पाहिलं, मग विचारलं, "काय निघालं?"

"पिस्तूल चांगलं आहे," मी म्हणालो.

ती उभी राहिली. पदराला हात पुसले, ते कोरडेच होते. "उद्या डॉक्टरकडं जाऊ," एवढंच बोलून आत गेली. मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. तिनं चहा करून आणला. अर्धा कप.

तो कप पाहिला आणि मला तिच्या माहेरची ती बैठक आठवली. त्यातलं जे मी इतकी वर्षं कधी आठवलंच नव्हतं ते. बाबांच्या हातातला कप घेऊन ती आत गेली होती आणि थोड्या वेळानं तोच कप धुऊन, पुसून, पुन्हा घेऊन आली होती. बशीशिवाय. अर्धाच भरलेला. तिनं तो बाबांच्या दोन्ही हातांत दिला आणि त्यांनी थेंबही न सांडता पिऊन टाकला. परतीच्या बसमध्ये मी बाबांना म्हणालो होतो, "माणसं जरा चिकटच दिसतात." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "पोरगी चांगली हाय," ते म्हणाले. "हो म्हण."

"पूर्ण भर," मी बायकोला म्हणालो.

"असू द्या की."

"भर."

तिनं भरला. मी कप उचलला आणि तो वाजायला लागला. ओठांपर्यंत यायच्या आत चहा बोटांवर आला, मनगटावरून खाली गेला, शर्टावर पडला, मांडीवरच्या रिकाम्या पेटीवर पडला आणि त्यात ते वाळलेलं कुंकू ओलं होऊन ओघळलं. चटके बसत होते तरी मी कप खाली ठेवला नाही. मी वाट पाहत होतो. "नीट धरा की!" असं तिनं म्हणावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

ती उठली, आतून फडकं आणलं, माझ्या हातातला कप काढून घेतला आणि एकेक बोट पुसायला लागली.